गुरगुरण्याची भाषा

घरभेटीस गेलो असता एका अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा आमच्या दृष्टीस पडला. त्याने घरच्याच मुलाला चावा घेतला होता. 'फादर, याला खाडीपलीकडे सोडून येऊ का?' यजमानांनी विचारले. मुलाला रेबीजची लस दिली होती, हे आम्ही आधी विचारून घेतले. कुत्र्याला मात्र दहा दिवस नजरेखाली ठेवणे आवश्यक होते. सोडून दिल्यावर ते कोण करणार? आणि पलीकडेही मुले आहेतच.

बोलता बोलता कळले की पूर्वी तो गुरगुरत असे आणि गुरगुरला की मार खात असे. गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे, ती भ्यालेल्या जीवाने दिलेली सूचना होय. कान मागे पाडणे, शेपटी पायांत घेणे, नजर चुकवणे ही तिच्याही आधीची अक्षरे. काठीने सूचना थांबते, भय थांबत नाही. मग दात न सांगताच लागतात. अशा चाव्याचे पाप कुणाच्या माथी?

प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असे ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. प्रतिष्ठा मानवाची, हे ध्यानात घ्यावे. तोबियाच्या प्रवासात त्याचा कुत्राही सोबत चालला होता. साखळीचा उल्लेख तिथे नाही (हा अर्थ आम्ही थोडा ताणला, हे कबूल).

'कुत्रा घरीच राहू द्या,' आम्ही म्हणालो, 'मूल त्याच्याजवळ एकटे नको, आणि काठी आधी फेका.' यजमान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एवढेच विचारले, साखळी सोडायची ती कोणत्या वेळी?