तराजूत तोललेले रुपे

शास्त्रभाग : यिर्मया ३२:६-१५, यशया ५:८-९



घर विकत घेणे हा काय व्यासपीठावरून बोलण्याचा विषय आहे, असे कोणी विचारील. पण पाहा, यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील बत्तिसावा अध्याय एका जमिनीच्या व्यवहारावर उभा आहे. किंमत किती, साक्षीदार कोण, कागद किती झाले आणि ते कोठे ठेवले, हे सारे तेथे लिहिले आहे. पवित्र शास्त्राला जे लिहिण्याची लाज वाटली नाही, ते बोलण्याची आपल्यालाही वाटू नये.

सुरतेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांसमोर हा विषय रोज उभा आहे. या शहराची वस्ती १९९१ च्या शिरगणतीत सुमारे १५ लाख होती. २०११ मध्ये ती ४४ लाखांच्या वर गेली. २००६ साली शहराची हद्द वाढली हे त्याचे एक कारण. दुसरे कारण आपण स्वतः आहोत. जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर येथून ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने माणसे आली, यंत्रमागावर व डाइंग मिलमध्ये लागली आणि उधना, लिंबायत, डिंडोलीत भाड्याच्या खोल्यांत राहिली. दर काही महिन्यांनी सामान उचलायचे, मुलांची शाळा बदलायची, हे पुष्कळांनी सोसले आहे. अशा घरातील नवराबायको चार पैसे गाठीला बांधून नव्या इमारतीत दोन खोल्या पाहायला जातात, तेव्हा त्यांच्या मनात लोभ नसतो. आपल्या माणसांना डोक्यावर छप्पर हवे, एवढेच असते. परमेश्वराने यिर्मयाच्याच द्वारे बाबेलातील बंदिवानांना घरे बांधून त्यांत राहायला सांगितले होते (यिर्मया २९:५). परक्या शहरात घर करणे हे अविश्वासाचे लक्षण नव्हे.

परंतु त्या बांधकामाच्या ऑफिसात त्यांना एक वाक्य ऐकावे लागते : "इतके चेकने, इतके रोख." म्हणजे कागदावर एक किंमत आणि हातात दुसरी. गुजरातमध्ये सरकारी दराला जंत्री म्हणतात. २०११ नंतर ती १५ एप्रिल २०२३ रोजी दुप्पट झाली; तरी जेथे बाजारभाव जंत्रीहून वर असतो, तेथे मधली रक्कम दोन नंबरने मागितली जाते. "सगळेच देतात," असे सांगतात. आणि घरांची टंचाई असल्यामुळे नाही म्हणणाऱ्याच्या मागे दुसरा उभाच असतो.

आपण शांतपणे हिशेब करू. समजा, घर ३० लाखांचे आहे. कागदावर १८ लाख आणि रोख १२ लाख. बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते. शेकडा ८० धरले तर १४ लाख ४० हजार. उरलेले १५ लाख ६० हजार स्वतः उभे करायचे. हेच घर पूर्ण किमतीने कागदावर आले असते, तर बँकेचे २४ लाख मिळाले असते आणि पदरचे ६ लाख पुरले असते. म्हणजे ९ लाख ६० हजारांचा जादा बोजा. कोठून आणायचे? बायकोचे दागिने, गावची जमीन, नाहीतर सावकार. सावकार महिना दोन टक्क्यांनी देणारा भेटला, तर व्याजच १९,२०० रुपये. आणि वाचले काय? गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क शेकडा ४.९ आणि नोंदणी शेकडा १. १२ लाखांवर दोन्ही मिळून ७०,८०० रुपये. सत्तर हजार वाचवण्यासाठी आपण साडेनऊ लाखांच्या चिंतेत पडतो. पुढे काम रखडले व पैसे परत मागायची वेळ आली, तर हातोहात दिलेल्या रोख पैशांना पुरावा कोठून आणणार? शिवाय १ जून २०१५ पासून मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे.

आता यिर्मयाकडे पाहा. यरुशलेमाला बाबेलाच्या सैन्याचा वेढा पडला होता. संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन अनाथोथ येथील शेत विकत घे म्हणाला. अशा वेळी कोण कागद नीट करतो? पण यिर्मयाने १७ शेकेल रुपे तराजूत तोलून दिले. खत लिहिले, सही केली, साक्षीदार घेतले. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. चौकात बसलेल्या सर्व लोकांदेखत ती त्याने बारुखाच्या हाती दिली आणि पुष्कळ दिवस टिकावी म्हणून मातीच्या भांड्यात ठेवण्यास सांगितले. जे तोलले तेच लिहिले, आणि जे लिहिले ते सर्वांनी पाहिले.

या वचनातून दोन गोष्टी आपल्या व्यवहारात याव्यात.

पहिली, कागद हा अविश्वास नव्हे. "देवावर भरवसा आहे, कागद कशाला?" असे म्हणू नका. २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आहे. त्याखाली नोंदलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक पैसे बिल्डरला घेता येत नाहीत. ग्राहकांच्या पैशांतील शेकडा ७० भाग वेगळ्या खात्यात, जमीन व बांधकाम यांसाठीच ठेवावा लागतो. ताबा वेळेवर न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात. म्हणून रेराचा नंबर विचारा, कारपेट क्षेत्रफळ विचारा, ताब्याआधी महानगरपालिकेचा वापर परवाना पाहा. आणि नुसत्या नोटरीच्या कागदावर मालकी मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट कठीण आहे. सरळ मार्गाने गेलो म्हणजे घर मिळेलच, असे यिर्मया सांगत नाही. त्या शेतात तो कधी सुखाने राहिल्याचे आपण वाचत नाही. शेवटी लोकांनी त्याला मिसर देशात नेले (यिर्मया ४३). त्याने खरेदी केली ती परमेश्वराच्या अभिवचनाची साक्ष म्हणून. तेव्हा रोखीला नाही म्हणणाऱ्या जोडप्याला कदाचित आणखी दोन वर्षे भाड्याच्या खोलीत काढावी लागतील. त्यांना आपण मूर्ख म्हणावे काय? की ज्याला डोके टेकण्यास ठिकाण नव्हते, त्या प्रभूच्या अधिक जवळ ते आहेत असे म्हणावे?

येथे मंडळीची परीक्षा आहे. नव्या घराच्या आभारप्रार्थनेला आपण सर्व जातो. ते योग्यच आहे. पण ज्यांची प्रार्थना अजून व्हायची आहे, त्यांच्या खोलीवर कोण जातो? मंडळीत बँकेत, कचेरीत काम केलेली वडीलधारी माणसे असतात. त्यांनी एक संध्याकाळ बसून तरुणांचे करारपत्र वाचून द्यावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी बिनव्याजी हात द्यावा. गरीब भावाकडून व्याज घेऊ नये असे लेवीय २५ मध्ये सांगितले आहेच. आणि ज्यांच्या नावे दुसरे, तिसरे घर कुलूप लावून पडले आहे, त्यांनी यशयाचा पाचवा अध्याय वाचावा. घराला घर जोडणाऱ्यांची मोठी, सुंदर घरे ओस पडतील, असे संदेष्टा म्हणतो. आपल्या देशात २०१२ साली शहरांतील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचा सरकारी अंदाज होता. आणि २०११ च्या शिरगणतीत शहरांत सुमारे १ कोटी १० लाख घरे रिकामी आढळली होती. तूट आणि कुलूप एकाच गल्लीत नांदतात. ते कुलूप उघडून रास्त भाड्याने एखाद्या कुटुंबाला जागा देणे, हाही देवाच्या वचनाला दिलेला होकार आहे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, हा धडा मुलांना सोपा करून सांगता येईल. एक मातीचे मडके, दोन कागद आणि एक तराजू वर्गात न्या. मुलांना विचारा, यिर्मयाने सर्वांसमोर का तोलले? त्यांची उत्तरे घरी जातील, आणि आईवडिलांना ती आपल्या प्रवचनापेक्षा अधिक ऐकू येतील.

प्रभू आपल्याला छप्पर देवो, आणि त्या छपराखाली निश्चिंत झोप देवो. आमेन.