समेटाचा कागद

भांडण झालं की कागद होतो. फिर्याद, पंचनामा, जबाब, तारखा, निकाल, अपील. बांधावरच्या एका बाभळीपायी तीन पिढ्यांचं दफ्तर साठतं. चौघांनी पारावर बसून मिटवलेल्या तंट्याचा मात्र चिटोराही मागे राहत नाही. शांततेचा इतिहास लिहिणाऱ्याची पहिली अडचण हीच, आणि आप्पासाहेब पंतांच्या कागदपत्रांचा विचार करताना ती फार जाणवते.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे हे चिरंजीव, जन्म १९१२ चा. ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले आणि गांधीजींच्या ओढीने संस्थानाच्या कामाला लागले. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी त्यांना १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे कमिशनर म्हणून पाठवलं. आफ्रिकी पुढाऱ्यांशी त्यांचा घरोबा झाला. तिथल्या गोऱ्या सरकारला तो खुपला, आणि १९५४ मध्ये त्यांना परत यावं लागलं. पुढे गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम. त्यांची कागदपत्रं दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या संग्रहात आहेत. पूर्व आफ्रिकेवर लिहिणारे अभ्यासक ती वाचतात, तळटीपांत त्यांचा हवाला देतात. अहिंसा मानणाऱ्या या माणसाचे कागद आज मोलाचे ठरतात ते मुख्यतः साम्राज्याशी उडालेल्या खटक्यांमुळे. अभ्यासकांना दोष कशाला द्यायचा? खटका उडाला म्हणून तर पत्रव्यवहार झाला.

त्यांचं सगळ्यात मोठं काम मात्र घरचंच होतं. औंध संस्थान म्हणजे बहात्तर गावं, आणि तीही सलग नाहीत. औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, तर आटपाडी आणि कुंडल सांगलीत. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजांनी सत्ता रयतेच्या हाती देण्याची घोषणा केली. आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलिश ज्यू इंजिनिअर यांनी हा विचार लावून धरला होता. घटनेचा मसुदा गांधीजींच्या सल्ल्याने ठरला आणि १९३९ मध्ये ती अमलात आली. पाया ग्रामपंचायतीचा. तंटे गावातच मिटवायचे, हा त्यातला कळीचा भाग. मतदाराला लिहिता-वाचता यावं, हा आग्रह गांधीजींचा. आज ती अट खटकते, मलाही खटकते. पण अक्षरओळख होऊन पंचायती चालवू लागलेल्या या गावांनी त्या काही वर्षांत कोणते तंटे कसे मिटवले, हे सांगणारं दफ्तर दिल्लीला गेलं असण्याचं कारण नाही. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं, पुढच्याच वर्षी जुन्या सातारा जिल्ह्याचेही दोन तुकडे पडले. अशा उलथापालथीत खजिन्याचे आणि जमिनीचे कागद नव्या कचेरीत पोचतात. पंचांच्या वहीची चौकशी कोण करतो?

आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर घ्या. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीशिवाय, बायकामुलांसह, शेती करत ठेवायचं, हा फ्रीडमन आणि आप्पासाहेबांचा प्रयोग. कारागृह विभागाची ही खुली वसाहत आजही चालू आहे. पळून गेलेल्या कैद्याची नोंद सरकार चोख ठेवतं. जो रात्री दार उघडं असूनही गेला नाही, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार? व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. कथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे याच मुलखातल्या माणसाची. पण पडद्यावर शेवटी मारामारी आली, मस्तवाल बैल आला आणि जेलर मेला. रोज उठून मोट धरणाऱ्या आणि संध्याकाळी परत येणाऱ्या कैद्यांवर तीन तासांचा सिनेमा निघत नाही, हे शांतारामबापूंना पक्कं ठाऊक होतं.

औंधात पंचायती चालू असतानाच शेजारी ब्रिटिशांविरुद्ध प्रतिसरकार उभं राहिलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी गाड्या लुटल्या, खबऱ्यांना पत्र्या ठोकल्या. कुंडल संस्थानी हद्दीत असल्याने ब्रिटिश पोलिसांना तिथे मोकळं रान नव्हतं, त्याचाही उपयोग झाला. पण प्रतिसरकारने गावोगावी न्यायदान मंडळंही चालवली, भाऊबंदकीचे वाद मिटवले, कमी खर्चात लग्नं लावली. पोलिसांना पत्र्या आणि दरोडे महत्त्वाचे, म्हणून त्यांचे कागद झाले. गांधींच्या पंचायती आणि नानांची मंडळं हाडवैरी असल्यासारखी मांडली जातात. गावातला तंटा कोर्टाच्या पायरीपर्यंत जाऊ द्यायचा नाही, यावर मात्र दोघांचं एकमत होतं. हे साम्य आपल्या नजरेतून निसटतं, त्याला दफ्तरांचा हा एकांगीपणाही कारण आहे.

सगळीकडे असंच घडतं असं नाही. वेल्समधल्या बायकांनी १९२३–२४ मध्ये घरोघर फिरून अमेरिकेतल्या बायकांना एक अर्ज धाडला: तुमच्या देशाला राष्ट्रसंघात आणा, पुन्हा युद्ध नको. सह्या ३,९०,२९६. ओकच्या पेटीतून गेलेला तो गठ्ठा अमेरिकेत संग्रहालयात पडून होता. २०२३ मध्ये तो अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात परत आला. अर्जाने युद्ध थांबलं नाही. पण नाव आणि पत्ता लिहिलेला असल्याने आज नातवंडांना आपल्या आजीची सही शोधता येते. सही करणारीला कागदावर जागा मिळाली, एवढाच फरक.

आपल्याकडेही समेटाचा कागद एकदा झाला. २००७ मध्ये तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम निघाली. गावोगावी समित्या, नोंदवह्या, मिटलेल्या तंट्यांवर गुण आणि गुणांवर बक्षीस. आकडा फुगवायचा मोह त्यातच होता, आणि तसं झाल्याच्या तक्रारीही झाल्या. तरीही त्या वह्यांत कोणाचा बांध, कोणाची वाट, कोणी माघार घेतली आणि कोणी मध्यस्थी केली, हे थोडंफार तरी सापडेल. औंधच्या बहात्तर गावांतून आणि आटपाडी, पलूस, तासगावातून त्या वह्या आत्ताच गोळा करायला हव्यात. पदाधिकारी बदलले, कार्यालयाची नवी इमारत झाली, की जुने गठ्ठे सगळ्यात आधी रद्दीत जातात.