दुरुस्ती कशाची?

अल्लाहची अगणित स्तुती आणि त्याचे अंतिम प्रेषित आदरणीय मुहम्मद (स.) यांच्यावर दुरूद व सलाम.



एका शुक्रवारी जुमाची नमाज झाल्यावर एक गृहस्थ माझ्यासाठी मशिदीत थांबले. शेजारी त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा मान खाली घालून उभा होता. गृहस्थांनी रुमालाची गाठ सोडली. आत एक उकललेली नळी, केसासारखी बारीक तार, कापसाचा बोळा, एक चिमटा आणि सोललेल्या वायरींचा मोबाईल चार्जर होता.

“मौलाना, याच्या टेबलाच्या खणात हे सापडलं. तुम्हीच याला चार शब्द सुनवा.”

वस्तू ओळखायला मला वेळ लागला. ती ‘वेप’ म्हणजे ई-सिगारेट होती. एकदा वापरून फेकून द्यायची, त्या प्रकारची. आतली कॉइल जळाली की तिची चव करपते आणि लोक ती टाकून देतात. हा मुलगा आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेतो. मित्रांनी टाकलेल्या नळ्या तो घरी उघडत असे, नवी तार गुंडाळून कॉइल बनवीत असे, कापूस बदलीत असे आणि बॅटरी पुन्हा भरीत असे. आधी तो स्वतःसाठी करी. पुढे मित्रांसाठी, थोडे पैसे घेऊन.

मी काही बोलण्यापूर्वीच तो म्हणाला, “मौलाना, इसराफ हराम आहे असं तुम्हीच जुमाच्या बयानात सांगितलंत. लोक वस्तू फेकून देतात, मी ती दुरुस्त करतो. यात माझं काय चुकलं?”

मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. त्याच्या बोलण्यात थोडे सत्य होते, आणि ज्या चुकीत थोडे सत्य मिसळलेले असते तिचे उत्तर दरडावून देता येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे उमगले, तेच आज आपल्यासमोर मांडत आहे.

बंधूंनो, दुरुस्ती हे आपल्या धर्मात सन्मानाचे काम आहे. आदरणीय आयशा (रजि.) यांना विचारण्यात आले की प्रेषित (स.) घरी काय करीत असत. त्यांनी सांगितले की ते आपली पादत्राणे स्वतः सांधत आणि आपले कपडे स्वतः शिवत. अल्लाहच्या प्रेषितांनी ज्या कामाला हात लावला, ते काम हलके कसे असेल? आपल्या वस्त्यांतून मोटार रिवाइंडिंग करणारे, पंखे दुरुस्त करणारे, शिलाई यंत्रे जुळवणारे कारागीर आहेत. त्यांची मेहनत हलाल रोजीचा उत्तम नमुना आहे.

अरबी भाषेत दुरुस्तीला ‘इस्लाह’ म्हणतात. बिघडलेले पूर्ववत करणे म्हणजे इस्लाह, आणि जे ठीक आहे ते बिघडवणे म्हणजे फसाद. कुरआनात हे दोन शब्द वारंवार समोरासमोर येतात. सूरह बकराच्या अकराव्या व बाराव्या आयतीत अल्लाहने अशा लोकांचा उल्लेख केला आहे, ज्यांना फसाद करू नका असे सांगितले की ते उत्तर देतात, आम्ही तर सुधारणा करणारेच आहोत. आणि अल्लाह स्पष्ट करतो की बिघाड तेच घडवीत आहेत, पण त्यांना त्याची जाणीव नाही. त्या आयती दांभिकांविषयी आहेत. त्या मुलाला मी दांभिक म्हणत नाही, अल्लाह त्याचे रक्षण करो. पण त्यातून आपणा सर्वांसाठी एक धडा निघतो. केवळ ‘दुरुस्ती’ म्हटल्याने कोणतेही काम इस्लाह ठरत नाही. दुरुस्त झालेली वस्तू पुढे काय करते, ते पाहावे लागते. पंखा दुरुस्त झाला तर कोणाला तरी वारा मिळतो. ही नळी दुरुस्त झाली तर काय मिळते?

तिची रचना पाहा. आत लिथियमची एक लहान बॅटरी असते. कॉइलची तार लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या किंवा निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूची असते. तारेला लागून कापूस असतो आणि कापसात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुगंध व निकोटीन यांचे द्रावण मुरलेले असते. श्वास ओढला की तार तापते आणि द्रावणाचा वाफारा थेट फुप्फुसात जातो. कापूस कोरडा पडला किंवा तार प्रमाणाबाहेर तापली तर ग्लिसरीनचे विघटन होऊन ॲक्रोलिन व फॉर्मल्डिहाइड यांसारखे घातक पदार्थ तयार होतात.

इलेक्ट्रिशियनच्या विद्यार्थ्याला ओहमचा नियम सांगण्याची गरज नाही. मी त्यालाच हिशेब करायला सांगितला. ३.७ व्होल्टच्या बॅटरीवर १.२ ओहमची कॉइल असेल तर सुमारे ३ अँपिअर प्रवाह वाहतो. घरी गुंडाळताना वेढे कमी पडून रोध निम्मा झाला तर प्रवाह दुप्पट, म्हणजे सहा अँपिअरच्या वर जातो. त्या चिमुकल्या बॅटरीला तो भार पेलवेल का? शिवाय ज्या नळीला चार्जिंगची सोयच दिलेली नाही, तिच्यात चार्जिंग थांबवणारे संरक्षणही नसते. लिथियमची बॅटरी एकदा आतून तापू लागली की आग लागते, आणि हा चार्जर रात्री त्या खोलीत लावलेला असे जिथे त्याची लहान भावंडे झोपत होती. हिशेब मांडताना तो थबकला. सूरह बकराच्या १९५व्या आयतीत अल्लाहने आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात टाकण्यास मनाई केली आहे. ‘हातांनी’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी आम्हा दोघांनाही नव्याने कळला.

द्रावणाची गोष्ट आणखी गंभीर आहे. नळीत पुन्हा भरले जाणारे द्रावण कोठून येते, त्यात काय मिसळलेले असते, हे भरणाऱ्याला ठाऊक नसते. २०१९ साली अमेरिकेत वेप ओढणाऱ्या तरुणांची फुप्फुसे एकाएकी निकामी होऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथील आरोग्य यंत्रणेने २,८०७ रुग्णांची व ६८ मृत्यूंची नोंद केली. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली, अनधिकृत मार्गाने मिळालेली द्रावणे ओढली होती, आणि त्यांत ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ नावाचा तेलकट पदार्थ आढळला. ओढणाऱ्यांना त्याची कल्पनाही नव्हती.

काही तरुण म्हणतात की वेप सिगारेटपेक्षा बरी. न्यायाने बोलायचे तर, वर्षानुवर्षे सिगारेट ओढणाऱ्या प्रौढाने ती सोडण्यासाठी वेपकडे वळणे हे तुलनेने कमी हानिकारक आहे, असे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही मानते. पण त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून फेकून द्यायच्या वेपच्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्या मुलांच्या हाती पडत होत्या आणि कचऱ्याचे ढीग वाढवीत होत्या. आणि ज्याने आयुष्यात कधी सिगारेट ओढलीच नाही, त्याच्यासाठी हा कोणत्या रोगावरचा उपाय? मेंदूचा विकास वयाच्या पंचविशीपर्यंत चालू असतो. या वयात लागलेले निकोटीनचे व्यसन खोल रुजते. तंबाखूला दुर्गंध तरी येतो. या वाफाऱ्याला आंब्याचा आणि पुदिन्याचा वास येतो, म्हणून शेजारच्या खोलीतील आईलाही पत्ता लागत नाही.

शरिअतच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी नवा नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग या सरदाराने विजापूरहून तंबाखू व चिलीम अकबर बादशहाच्या दरबारी नेली, तेव्हा शाही हकिमाने या अपरिचित वस्तूविषयी हरकत घेतली होती. पुढे जहाँगीरने तंबाखूवर बंदी आणली. विद्वानांमध्ये मात्र दीर्घकाळ मतभेद राहिले. कोणी तिला मुबाह म्हणाले, कोणी मकरूह, कोणी हराम. त्या काळी हानीचे ठोस ज्ञान नव्हते. आज ते आहे, आणि म्हणूनच आजच्या अनेक विद्वानांचा कल मनाईकडे आहे. इब्ने माजा यांच्या संग्रहातील प्रसिद्ध हदीसनुसार स्वतःला हानी पोहोचवू नये आणि दुसऱ्यालाही पोहोचवू नये. मित्राची नळी पैसे घेऊन पुन्हा सुरू करून देणारा या हदीसच्या दोन्ही भागांखाली येतो.

देशाचा कायदाही स्पष्ट आहे. २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची निर्मिती, आयात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. निर्मितीत जुळणीचाही समावेश होतो. पहिल्याच गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. थोड्याशा पैशांसाठी एखाद्या होतकरू मुलाने आपले भविष्य पणाला लावावे का?

तिर्मिजी यांच्या संग्रहात एक हदीस आहे. कयामतच्या दिवशी मनुष्याचे पाय जागचे हलणार नाहीत, जोवर त्याला विचारले जात नाही की आयुष्य कशात घालवले, तारुण्य कशात झिजवले, धन कोठून मिळवले व कोठे खर्च केले, आणि मिळालेल्या ज्ञानाचे काय केले. मी त्या मुलाला म्हणालो, “बेटा, या लहानशा कॉइलमध्ये चारही प्रश्न गुंडाळलेले आहेत. तुझी बोटं कुशल आहेत. ही कला अल्लाहची अमानत आहे. तू नळी दुरुस्त करत नाहीस, तू व्यसन दुरुस्त करतोस. ते मोडायला आलं की तू त्याला नवी तार घालतोस.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पण त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याची नजर वडिलांच्या सदऱ्याच्या खिशाकडे गेली. तेथे तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती.

माता-पित्यांनो, येथे मला आपल्याशीही बोलायचे आहे. आपल्या घरांत अब्बांच्या खिशात तंबाखू असतो, दादीच्या डबीत मिश्री असते, आणि आपण मुलाच्या खणाची झडती घेतो. मुले आपले उपदेश विसरतात, पण आपली सवय विसरत नाहीत. त्या गृहस्थांना मी काहीच बोललो नाही, बोलण्याची गरजही उरली नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःच पुडी काढून त्या रुमालात ठेवली आणि गाठ मारली.

प्रेषितांनी (स.) सांगितले आहे की शरीरात मांसाचा एक गोळा आहे, तो सुधारला तर सारे शरीर सुधारते, तो बिघडला तर सारे शरीर बिघडते, आणि तो म्हणजे हृदय. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील या हदीसमध्ये सुधारण्यासाठी आलेला शब्द ‘इस्लाह’च्याच धातूपासून बनला आहे. खरी दुरुस्ती तेथून सुरू होते.

ती अशक्य नाही. रमजानमध्ये हाच तरुण सहरीपासून इफ्तारपर्यंत एक झुरकाही घेत नाही, कारण धुराप्रमाणेच वाफारा ओढल्यानेही रोजा मोडतो हे त्याला ठाऊक असते. जो अल्लाहसाठी चौदा तास थांबू शकतो, तो इफ्तारनंतरही थांबू शकतो. पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप उडते, मन एकाग्र होत नाही. ती निकोटीन उतरत असल्याची लक्षणे आहेत, ईमान कमजोर झाल्याची नव्हेत. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. व्यसन सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या क्रमांकावर राष्ट्रीय पातळीवरील विनामूल्य मार्गदर्शन मिळते. आणि पाऊल घसरले तर तौबाचे दार बंद झाले असे समजू नये. उरलेल्या नळ्या घरच्या कचऱ्यात टाकू नयेत, बॅटरीमुळे आग लागू शकते. त्या ई-कचरा संकलनात द्याव्यात.

त्याच सुमारास मशिदीतील वजूच्या टाकीची मोटार जळाली होती. आमच्या ओळखीच्या रिवाइंडिंग करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली मी त्या मुलाला बसवले. जळालेली तार काढून त्याने नवे वेढे भरले, मिस्त्रींनी चूक दाखवली तेथे उकलून पुन्हा भरले. आज आम्ही त्याच पाण्याने वजू करतो. मुलगा त्यानंतर दोनदा घसरला, आणि दोन्ही वेळा स्वतः येऊन सांगून गेला. त्याचे वडीलही अजून झगडत आहेत. पिता-पुत्र आता एकमेकांना विचारतात, “आज कसं गेलं?” माझ्या मते त्या घरातील इस्लाह येथून सुरू झाली आहे.

हे अल्लाह, आमच्या हातांना हलाल कामाची आवड दे, आमच्या मुलांच्या तारुण्याचे रक्षण कर, आणि दुसऱ्यांची दुरुस्ती करू पाहणाऱ्या आम्हा मोठ्यांना आधी स्वतःची इस्लाह करण्याची सद्बुद्धी दे. आमीन.