आचंद्रार्क

पुण्याहून पौडकडे जाणारी सडक भूगाव मागे टाकून भुकूमच्या शिवारात शिरते, तेव्हा समोर उभे राहणारे डोंगर अनादिकाळापासून असेच असतील असे कोणालाही वाटावे. परंतु सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून निर्माण झालेला हा काळा कातळ, ज्या पावसावर रामनदी पोसते त्याच पावसाने झिजत आला आहे, आणि खालच्या खाचरांत भात पिकते ते त्याच्याच मातीवर.

या मातीसंबंधी माणसांनी करून ठेवलेल्या लेखांची भाषा मात्र कातळाहून निश्चयी आहे. शिवकालात व पेशवाईत जमीन इनाम देताना ती पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने, चंद्रसूर्य आहेत तोवर चालावी, हालीपट्टी व पेस्तरपट्टी, म्हणजे आजची आणि पुढे बसेल तीही पट्टी, इनामातच मोडावी, आणि दरसाल ताज्या सनदेचा उजूर करू नये, अशी कलमे घालण्याचा प्रघात होता. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो अशा अनेक सनदांचा मायना. तो देशाधिकारी व लेखक यांस उद्देशून असे, आणि सोबत ‘वर्तमान व भावी’ अशी जोड असे. शिक्का उठवणाऱ्या राजाला ठाऊक होते की आपली आज्ञा पाळणारा किंवा मोडणारा मनुष्य अद्याप जन्मावयाचा आहे. त्याच्यावर हुकमत चालत नाही, त्याचे आर्जवच केले पाहिजे. त्याहून प्राचीन, शिलाहार-यादवकालीन गधेगळ नावाच्या दानशिळांच्या माथ्यावर चंद्रसूर्य कोरलेले असतात आणि खाली दान मोडणाऱ्यासाठी ओंगळ शाप. दान आपोआप टिकणारे असते, तर शापाचे प्रयोजन काय होते?

पुढे १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनच्या चौकशीला कायद्याचे बळ मिळाले, रुमालांत बांधलेले कागद सोडून सनदांचा खरेखोटेपणा तपासला गेला, आणि स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने, १९५२ च्या कायद्याने जातीइनामे, म्हणजे व्यक्तिगत इनामे, खालसा झाली. याचा मला खेद नाही, कारण राजाच्या कृपेचा लेख कसणाऱ्याच्या हक्काहून वडील ठरू नये. परंतु भुकूमच्याच तालुक्यात १९२१ साली टाटांच्या धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी सेनापती बापटांच्या साथीने मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्यांच्याजवळ पिढ्यान्‌पिढ्यांचा घाम हाच दस्तऐवज होता, आणि तोही पाण्याखाली गेला, हे शल्य अजून निघत नाही.

देवस्थान इनामे त्या १९५२ च्या कायद्याने वगळली. कायद्याच्या दृष्टीने देव धनी खरा, पण अज्ञान धनी. त्याच्या वतीने व्यवहार पाहणारा माणूस लागतोच. असल्या उत्पन्नातून गाभाऱ्यात तेवणाऱ्या नंदादीपाजवळ थोडा वेळ उभे राहावे. वातीच्या टोकाशी काजळी धरते, पुजारी ती झाडतो, पळीभर तेल घालतो, आणि वात आखूड झाली की तिच्याच ज्योतीवर नवी लावून मग जुनी काढून घेतो. कालचे तेल नाही, कालची वात नाही, ज्योत तर क्षणोक्षणी निराळी. तरी दीप अखंड आहे हे म्हणणे खोटे नाही.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात नित्याचे दोन प्रकार सांगितले आहेत: बदलत असूनही ‘तेच हे’ ही ओळख ज्याविषयी पुसली जात नाही ते परिणामिनित्य, आणि ज्यात कसलाही विकार संभवत नाही ते कूटस्थनित्य. मोक्ष दुसऱ्या प्रकारचा, म्हणूनच तो कर्माने निर्माण होत नाही, हा त्यांचा सिद्धांत मला निरपवाद वाटतो. कूटस्थासाठी कोणाला पहाटे उठून तेल घालावे लागत नाही. सनदा लिहिणाऱ्यांनी ती नित्यता मातीला चिकटवली नाही. त्यांनी घातली ती चंद्रसूर्याची मुदत, आणि पुराणांच्या हिशेबाने तेही प्रलयात उरत नाहीत. त्यांना हवी होती ती दुसऱ्याच्या हातून चालणारी नित्यता, आणि ती त्यांनी त्या दुसऱ्याजवळच मागितली.

आज भुकूमच्या जमिनींची होतात ती ‘कायम खरेदीखते’. लिहून देणारा स्वतःला व आपल्या वारसांना त्यात बांधून घेतो. त्या जमिनीतून वाहणाऱ्या ओढ्याचे पुढे काय व्हावे, याविषयी मात्र मागाहून येणाऱ्या कोणाला उद्देशून एक ओळ लिहिण्याची चाल नाही. ती लिहिली जावी, आणि तिचा मायना वर्तमान व भावी अशा दोघांच्याही नावे असावा, असे मला मनापासून वाटते.