पस्तीस एकरांचा हिशेब

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने 1972 साली जमिनींच्या प्लॉटिंगवर काउंटीचा अंकुश आणला, पण 35 एकर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांना त्यातून सूट दिली. वरवर पाहता यात वावगे काहीच नाही. 35 एकरांत एकच घर म्हटल्यावर बाकीचे रानच राहणार! प्लॉट पाडणाऱ्यांनी मात्र ही सूट बरोबर हेरली. साडेतीन हजार एकरांचे रँच, म्हणजे गुरे चारण्याची मोठी खासगी जमीन, वारसांनी विकायला काढले, की परवानगीच्या भानगडीत न पडता त्याचे शंभर तुकडे होऊ शकतात. मग शंभर कुंपणे, शंभर रस्ते, रात्रभर जळणारे दिवे आणि मोकाट कुत्री.

हे तुकडे पडतात ते नेमके मोक्याच्या जागी. 1862च्या होमस्टेड कायद्याखाली वसाहतकरांनी पाण्याकाठची सुपीक खोरी घेतली. उंचावरची जंगले बव्हंशी सरकारकडे राहिली. एल्क आणि म्यूल हरणे उन्हाळा त्या जंगलात काढतात आणि बर्फ पडू लागले की खोऱ्यांत उतरतात. म्हणजे वरचे जंगल कितीही राखले, तरी त्यांचा हिवाळा खासगी मालकाच्या मर्जीवर.

माळावरच्या प्राँगहॉर्नची तऱ्हा आणखी वेगळी. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने धावणारा हा प्राणी कुंपणावरून सहसा उडी मारत नाही. तो वाकून खालच्या तारेखालून सरपटतो आणि काटेरी तारेला पाठीचे केस अडकून राहतात. तार जमिनीलगत असली, तर फट शोधत कुंपणाकडेने चालत राहतो.

रँचवाले काही निसर्गाचे साधुसंत नव्हेत. अतिचराईने कुरणे उजाड झाली, लांडगे मारले गेले, त्यात त्यांचाही हात होता. तरीही 2003 साली प्रसिद्ध झालेल्या कोलोरॅडोतल्या एका अभ्यासात रँच, राखीव क्षेत्र आणि विरळ घरांची वस्ती यांची तुलना केली, तेव्हा परकी झाडोरा, कुत्री-मांजरे आणि माणसाला सरावलेले पक्षी वस्तीतच अधिक आढळले. स्थानिक वनस्पतींच्या बाबतीत रँचेस सरस होती.

याचे कारण मालकाच्या सद्गुणांत नाही. मोठ्या रँचवर निर्णय घेणारा एक असतो. त्याची चूक दिसते, त्याला जाब विचारता येतो. शंभर मालकांपैकी कुणीच गुन्हेगार नसतो. प्रत्येकाने आपल्यापुरते एक घर बांधलेले असते, आणि नुकसान कुणाच्याच खात्यावर चढत नाही.

म्हणूनच 1995 साली कोलोरॅडोतल्या गुरेपालकांच्या संघटनेनेच एक भूमी-न्यास उभा केला. त्याच्याशी करार करून मालक बांधकामाचा हक्क कायमचा सोडतो. जमीन, गुरे, चराई त्याचीच राहते. बदल्यात करसवलत किंवा काही रक्कम मिळते. यात जनतेचा पैसा जातो आणि पुढच्या पिढ्यांचेही हात बांधले जातात. हे आक्षेप खरे आहेत. पण तुकडे पाडल्यानेही पुढच्या पिढ्यांचे हात बांधलेच जातात, कारण शंभर मालकांकडून तो माळ पुन्हा एकसंध करणे जवळजवळ अशक्य. 35 एकरांच्या नियमाने तुकडा किती मोठा हे मोजले. तो शेजारच्या रानाशी जोडलेला राहतो का, हे विचारलेच नाही. कायद्याने हाच प्रश्न आधी विचारायला हवा.