फिटंफाट म्हणजे न्याय?

2010 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी एक दुर्मीळ गोष्ट केली. अमेरिकी काँग्रेसचे मतदारसंघ आखण्याचा अधिकार त्यांनी आमदारांच्या हातून काढून 14 नागरिकांच्या आयोगाकडे सोपवला. आयोगात पाच डेमोक्रॅट, पाच रिपब्लिकन आणि चार जण दोन्हींपैकी कुणाचेच नसलेले. सुमारे 61 टक्के लोकांचा कौल तसा होता. राज्यात वरचष्मा डेमोक्रॅटांचा, म्हणजे म्यान झालं ते त्यांचंच हत्यार. पंधरा वर्षांनी, 4 नोव्हेंबर 2025 रोजी, त्याच राज्याने ‘प्रस्ताव 50’ मंजूर करून 2030 पर्यंतच्या निवडणुकांसाठी आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला आणि विधिमंडळाचा उघड पक्षपाती नकाशा स्वीकारला. या वेळी होकार होता सुमारे 64 टक्क्यांचा. टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता मध्येच नकाशा बदलून रिपब्लिकन पक्षासाठी पाच जादा जागांची बेगमी केली होती. कॅलिफोर्नियाने पाचाला पाचाने उत्तर दिलं. याला ढोंग म्हणून निकालात काढणं आळशीपणाचं होईल. आपण न्यायच करतो आहोत, अशीच यातल्या पुष्कळांची प्रामाणिक समजूत होती. तपासायला हवी ती ही समजूत.

तिच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद अमर्त्य सेन यांच्या भाषेत मांडता येतो. ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ (2009) मध्ये त्यांनी आपल्या परंपरेतले दोन शब्द वेगळे केले. नीती म्हणजे नियम आणि संस्था यांची चोख घडण, आणि न्याय म्हणजे त्यातून लोकांच्या वाट्याला प्रत्यक्ष येणारं जगणं. आयोग ही नीती झाली. पण एकाने सोवळं पाळायचं आणि दुसऱ्याने त्याच्या ताटातलं ओढून घ्यायचं, असं चाललं तर वॉशिंग्टनमध्ये भरणारं सभागृह देशाच्या कौलाशी जुळणार नाही, तो मत्स्यन्यायच. मग नीती थोडी मोडून न्याय साधला तर बिघडलं कुठे? शिवाय टेक्सासमध्ये निर्णय आमदारांनी परस्पर घेतला, इथे लोकांना विचारलं, तेही मुदत घालून. हा मुद्दा हलका नाही. नियम पाळणाऱ्याचंच नुकसान होत राहिलं की नियम कसे हवेत विरतात, हे कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसतं.

तरी हा युक्तिवाद एका ठिकाणी अडतो. त्याचा हिशेब पक्षांच्या खात्यात जुळतो, माणसांच्या खात्यात नाही. 2024 मध्ये टेक्सासात कमला हॅरिस यांना 48 लाखांवर मतं पडली, कॅलिफोर्नियात डोनाल्ड ट्रम्प यांना 60 लाखांवर. पहिल्यांचा आवाज तिकडे दाबला म्हणून दुसऱ्यांचा इकडे दाबला. यात फिटंफाट झाली ती कुणाची? टेक्सासातल्या डेमोक्रॅट मतदाराला देशपातळीवर आपला पक्ष तगल्याचं समाधान मिळेल, पण त्याच्या मतदारसंघातल्या प्रतिनिधीला त्याची फिकीर करण्याचं कारण उरणार नाही ते नाहीच. आणि कॅलिफोर्नियाच्या ईशान्य टोकाला, मोडॉक काउंटीत गुरं पाळणाऱ्याने टेक्सासातल्या कुणाचं काय बिघडवलं होतं? ऑरेगन-नेवाडाच्या सीमेवरची, दहा हजारही वस्ती नसलेली ही काउंटी नव्या नकाशात सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडला की लागणाऱ्या श्रीमंत मरीनशी जोडली गेली आहे. लोकांना विचारलं होतं, हे खरं. पण माझं येणं मी सोडू शकतो. शेजाऱ्याचं सोडणारा मी कोण? 64 टक्क्यांनी स्वतःच्या हक्कावर पाणी सोडलं असतं तर त्याला त्याग म्हटलं असतं. त्यांनी पाणी सोडलं ते उरलेल्यांच्या हक्कावर.

निर्दोष रेघ असतेच कुठे, असंही म्हटलं जातं. 2019 मध्ये ‘रूचो’ खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जवळपास हेच धरलं. पक्षपाती नकाशा अन्यायाचा वाटला, तरी किती पक्षपात म्हणजे अति, हे मोजायचं माप संघराज्याच्या न्यायालयांपाशी नाही. माप नाही, कबूल. पण वड्या पाडणाऱ्याने आपली वडी शेवटी उचलावी, या शिरस्त्याला तराजू लागत नाही. आयोगाचं म्हणणं तेवढंच आहे. भारतात परिसीमन आयोगाचं अध्यक्षपद सर्वोच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशाकडे असतं तेही याच समजुतीने. (महापालिकांच्या प्रभागरचनेत ही समजूत कुठे जाते, तो वेगळा विषय.)

मतदारसंघ पक्षाच्या मालकीचा, हीच धारणा प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीच्या, वादातही आहे. एका पक्षाची खात्रीची जागा असली की नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती उरते. खरा निकाल त्या पक्षाच्या प्रायमरीत लागतो. म्हणून सगळ्यांना खुली, सामाईक प्रायमरी हवी, असं सुधारणावादी म्हणतात. यावर पक्षांचं उत्तर : आमच्या घरचं लग्न शेजाऱ्यांनी का जमवावं? 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियाची त्या वेळची सरमिसळ प्रायमरी रद्द केली ती याच तत्त्वावर. लग्न घरापुरतं असेल तर हे पटतं. पण त्या मांडवातून बाहेर पडणारा माणूस सगळ्या गावाचा कारभारी होणार असेल, तर गावाला अक्षता टाकण्यापुरतं बोलावून कसं चालेल? मतदारांना मात्र हे फारसं पटलेलं नाही. 2024 मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा आणि साउथ डकोटा यांनी असे प्रस्ताव फेटाळले. नेवाडाने तोच प्रस्ताव 2022 मध्ये मंजूर केला होता. अलास्कात खुली प्रायमरी टिकली ती साडेसातशेपेक्षाही कमी मतांच्या फरकाने. यातले काही प्रस्ताव पसंतीक्रमाच्या मतदानाशीही बांधलेले होते, त्यामुळे नकार नेमका कशाला, हे निकालावरून सांगता येत नाही.

मग लोकांना सुधारणा नकोच आहेत असं म्हणायचं का? त्याआधी ओहायोची 2024 ची मतपत्रिका वाचावी. प्रस्ताव होता राजकारण्यांऐवजी नागरिकांचा आयोग नेमण्याचा. पण मतपत्रिकेवर काय छापायचं हे ठरवणारं मंडळ रिपब्लिकन बहुमताचं, आणि तिथले नकाशेही त्याच पक्षाच्या सोयीचे. मतदाराने जे वाचलं त्यात या आयोगाला पक्षपाती आखणी करणं भाग पडेल, असं छापलं होतं. सुमारे 54 टक्के लोकांनी ‘नको’वर खूण केली. त्यांतल्या किती जणांनी आयोग नाकारला आणि किती जणांनी पक्षपाती आखणीच नाकारली, हे वेगळं काढायला आता काही वाट नाही.