देहनिंदा आणि पंगत

सज्जनगडाच्या छायेत वाढलेल्या मनुष्यास देहाविषयी दोन परस्परविरुद्ध उपदेश ऐकावयास मिळतात, आणि तेही एकाच ग्रंथातून. दासबोधाच्या पहिल्या दशकाच्या अखेरच्या समासात समर्थांनी नरदेहाचे स्तवन केले आहे. आणि तिसऱ्या दशकाच्या आरंभी, जन्मदुःखाचे निरूपण करताना, त्याच देहाची अशी बीभत्स चिरफाड केली आहे की कोवळ्या मनाच्या वाचकाने ग्रंथ मिटून ठेवावा. मला यात विसंगती वाटत नाही. संतांच्या देहनिंदेत एक विलक्षण समता असते: राजाचे शरीर व भिकाऱ्याचे शरीर, रूपवतीचे व कुरूपेचे, सर्वांस तेथे एकच न्याय लागतो, आणि म्हणूनच ती निंदा कोणा एकाच्या वाट्यास अपमान होऊन येत नाही.

आजची देहनिंदा निवडक आहे. कंदी पेढ्याचा पुडा देवापुढे ठेवून मगच घरात वाटावयाचा, हा ज्या घरचा रिवाज, त्याच घरातील सतरा वर्षांची मुलगी पेढा मोडून अर्धा बहिणीच्या हातावर ठेवते आणि उरलेला खाऊन, "आज पाप झालं, उद्या जेवणार नाही," असे म्हणते. उपवासाला निदान एक देव असतो आणि पारण्याची वेळ ठरलेली असते; या व्रतास दोन्ही नाहीत, आहे तो केवळ वजनकाट्याचा तगादा. दंभ आणि अहंकार यांच्या भरीस पडून घोर तप करणारे, आणि त्यायोगे शरीरातील भूतसमुदायास व अंतरी वसणाऱ्या ईश्वरासही कृश करणारे, यांची गणना गीतेच्या सतराव्या अध्यायाने आसुरी निश्चयाच्या लोकांत केली आहे. निकाल कडक आहे, पण तो त्या पोरीवर न बजावता, चार माणसांत तिला "किती सुटलीस गं!" म्हणणाऱ्या आप्तेष्टांवर बजावला पाहिजे.

निंदेवाचून आहे त्या देहाचा स्वीकार म्हणजे आळसास दिलेले अभयपत्र नव्हे काय, असा आक्षेप येईल. ज्या औंध संस्थानचा मुलूख आजच्या सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत विखुरलेला होता, त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांच्या प्रसारास आपले आयुष्य वाहिले. त्या परंपरेस उणे लेखण्याचा माझा हेतू नाही, आणि वैद्याने सांगितलेले पथ्य मोडावे असेही मी म्हणत नाही. मोजमापाचेही मला वावडे नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीस बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवते झाले, ते काट्यावर उभे राहूनच. पण तेथे वजन घेण्याचा हेतू तुल्यबळ प्रतिस्पर्धी गाठून द्यावा, एवढाच होता. आमच्या जत्रांच्या मैदानांतही जोड लावणारा वस्ताद पोरांच्या अंगाकडे निरखून पाहतो, आणि त्या पाहण्यात तुच्छता नसते.

तथापि एकट्याने देहाचा स्वीकार करणे अवघड आहे. त्यास समुदाय लागतो. तसा समुदाय मी गोंदवल्यास पाहिला आहे. ब्रह्मचैतन्य महाराजांनी (1845–1913) नामस्मरणाच्या जोडीने अन्नदानाचा आग्रह धरला, तो माणसारख्या अवर्षणाच्या तालुक्यात, जेथे भरलेले अंग ही लाजेची बाब नसून दैवाची कृपा मानली जाई. तेथील पंगतीत गलेलठ्ठ अडत्याशेजारी काटकुळा मेंढपाळ बसतो. आमटीची बादली घेऊन आलेल्या वाढप्याची दृष्टी पानावर असते, पोटाच्या घेरावर नसते, आणि "सावकाश होऊ द्या" हे शब्द दोघांनाही एकाच सुरात ऐकू येतात. अन्नाची निंदा करू नये, हे तैत्तिरीय उपनिषदाने व्रत म्हणून सांगितले आहे. त्याचे आचरण मला कोणत्याही प्रवचनापेक्षा या वाढपात अधिक दिसले.

परंतु पंगत उठते, माणसे घरी परततात, आणि पहिल्याच हळदीकुंकवास पूर्वीचे दफ्तर पुन्हा उघडले जाते. म्हणून सातारा-सांगलीकडील भजनी मंडळांस, महिला मंडळांस आणि तालमींच्या चालकांस माझी विनंती आहे, की त्यांनी एक ठराव करून पाहावा: मंडळाच्या जागेत कोणी कोणाच्या अंगाविषयी बोलू नये, "किती छान बारीक झालीस!" अशा स्तुतीनेसुद्धा नाही, आणि येत्या संक्रांतीपासूनच त्याचा अंमल सुरू करावा.